थंडी मोजणारं झाड

पहिली दोन वर्षं आमच्या अंगणातल्या आर्टिचोकनं, म्हणजे ज्याची कळीच भाजी म्हणून खातात त्या परदेशी झाडानं, एक कळीसुद्धा दिली नाही. पहिल्या वर्षी रोपंच कुजली. दुसऱ्या वर्षी रोपं जगली, फोफावली, कमरेएवढी झाली. रुपेरी पानांचा असा घेर धरला की रस्त्यानं जाणारी माणसं कुंपणापाशी थांबून "काका, हे कसलं शोभेचं झाड?" म्हणून विचारायची. पण पानांच्या पोटातून कळी काही वर येईना. ती आली तिसऱ्या वर्षी, 2024 च्या संक्रांतीच्या आसपास. मधल्या काळात काय चुकलं आणि काय साधलं ते जसं घडलं तसं लिहितोय. मी सुरुवात केली तेव्हा कोकणपट्टीच्या दमट हवेत हे झाड लावल्याचा अनुभव सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं.

आम्ही नवी मुंबईतल्या बेलापूरला राहतो, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात आखलेली ही बैठी वसाहत. सात सात घरांना मिळून एक चौक आणि कुठल्याही घराची भिंत शेजारच्या भिंतीला चिकटलेली नाही. आता पुष्कळ घरांवर मजले चढलेत, पण आमच्याकडं नऊ बाय बारा फुटांचं मातीचं अंगण अजून शिल्लक आहे. सत्तावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला पायाखाली स्वतःची माती असण्याचं किती अप्रूप असतं, ते शब्दांत सांगता येणार नाही.

आर्टिचोकची ओळखही जहाजामुळंच झाली. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात आमचं जहाज चार दिवस थांबलं होतं. फेब्रुवारीची कडक थंडी. भाजीबाजारात एक म्हातारी बाई पुढ्यात हिरव्या-जांभळ्या कळ्यांचा ढीग घेऊन बसली होती. एक एक कळी उचलायची, चाकूनं भराभर बाहेरच्या पाकळ्या उतरवायची, शेंडा छाटायचा आणि आतला गाभा लिंबाच्या फोडी टाकलेल्या पाण्यात सोडायचा. तिची बोटं काळी पडली होती. केळफूल सोलून आईची पडायची तशीच, अगदी तोच रंग. मी तिथंच उभा राहून बघत बसलो. संध्याकाळी बंदराजवळच्या एका खानावळीत तीच भाजी खाल्ली. ऑलिव्हचं तेल, लसूण, वरून थोडी पुदिन्यासारखी पानं. चव किंचित कडवट, पिठूळ, उकडलेल्या फणसाच्या आठळीची आठवण करून देणारी. ती चव मी विसरलो नाही.

ही भाजी म्हणजे न उमललेलं फूल. झाड सूर्यफुलाच्या कुळातलं, काटेरी वर्गातलं, मूळ भूमध्य समुद्राच्या काठचं. इटालियन लोक त्याला कार्चोफो म्हणतात. हा शब्द आणि इंग्रजीतला आर्टिचोक, दोन्ही मुळात अरबी 'अल्-खर्शूफ'वरून आलेले. हिंदीत हाथीचक असा शब्द आहे. मराठीत मात्र आर्टिचोकच. कळीच्या बाहेर खवल्यांसारख्या जाड पाकळ्या असतात. त्यांच्या बुडाशी असलेला थोडा गर आणि तळाचा वाटीसारखा गाभा, एवढंच खायचं. गाभ्यावर केसांसारखे तंतू असतात, ती पुढं होणारी फुलं. ते तंतू खरवडून काढायचेच, घशात अडकतात.

निवृत्त झाल्यावर 2022 मध्ये बी मागवलं. पाकिटावर 'ग्रीन ग्लोब' लिहिलेलं होतं, ही जुनी, सगळीकडं चालणारी जात. आपल्याकडं पेरायचं म्हटलं की मृग, या हिशेबानं मी जूनमध्ये बी पेरलं. बारा दिवसांत छान जाड दलं वर आली. जुलैत झड लागली आणि दहाच दिवसांत सगळं संपलं. बुंधा जमिनीशी मऊ पडायचा, हात लावला की रोप आडवं. जी दोन रोपं वाचली ती एका रात्रीत आफ्रिकन गोगलगाईंनी फस्त केली. मुठीएवढ्या त्या गोगलगाई पावसाळ्यात इथं भिंतीवर चढलेल्या दिसतात. सकाळी वाफ्यावर चकचकीत रेघा आणि दोन खुंट, एवढंच उरलं होतं.

त्याच ऑक्टोबरात उरलेलं बी पुन्हा पेरलं. या वेळी गादीवाफा केला. आमची माती म्हणजे डोंगराचा मुरूम. पाणी निथळतं चांगलं, पण कस नाही. दीड फूट उकरून त्यात कुजलेलं शेणखत, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि दोन घमेली निंबोळी पेंड मिसळली. जमिनीपासून वीतभर उंच वाफा धरला, म्हणजे बुंध्याशी पाणी थांबायला नको. रोपं अशी वाढली की मला दर आठवड्याला फोटो काढावासा वाटायचा. पानं हातभर लांब, कातरलेली, वरून करडी-हिरवी आणि खालून पांढुरकी, लव असलेली. फेब्रुवारी गेला, मार्च आला. पानांच्या कडा करपायला लागल्या. एप्रिलात एकेक झाड खाली बसलं. कळी नाही.

आमची आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची. मूळची बार्शीची. दुपारी ओट्यावर खुर्ची टाकून बसायची आणि झाडांकडं बघत राहायची. एक दिवस तिनं मला एक पान तोडून आणायला सांगितलं. बोटांनी चुरगाळून वास घेतला, कडेच्या बारीक काट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "आरं, ही तर करडईच की." मी म्हटलं, आई, करडई नव्हे, पण तिच्याच गोतातली. खरंच आहे ते. करडई, रानात उगवणारा उंटकटारा आणि आर्टिचोक ही सगळी एकाच काटेरी घराण्यातली. आई पुढं म्हणाली, "मग तिला थंडी कुठं दिलीस? करडईला कोण पाणी घालतंय बाळा. दसऱ्याला पेरायची, काळ्या रानातल्या वलीवर आन् थंडीच्या दवावर येती ती. हितं काय, घामच घाम."

मी तोवर माती, पाणी, खत, कीड या सगळ्याचा विचार केला होता. थंडीचा केलाच नव्हता.

मग वाचायला बसलो. झालं होतं ते असं. आर्टिचोकचं झाड कळी धरण्याआधी थंडी मोजतं. दहा अंशांच्या खालचे तास त्याच्या अंगात जमा व्हावे लागतात. ग्रीन ग्लोबसारख्या जातीला साधारण अडीचशे तास आणि त्याहून जास्त. तेवढे तास भरले की झाडाला कळतं, हिवाळा होऊन गेला, आता फुलायला हरकत नाही. शेतीच्या पुस्तकांत याला वासंतीकरण म्हणतात. किती सुंदर शब्द आहे. गहू, कोबी, बीट, कांदा यांच्यातही हा प्रकार कमी-अधिक असतो. आता बेलापूरला दहा अंश कधी येणार? आमच्याकडं चांगली थंडी पडली म्हणजे पहाटे पंधरा-सोळा. मुंबईचा आजवरचा नीचांक सांताक्रूझला नोंदलेला, 7.4 अंश, तारीख 22 जानेवारी 1962. माझं झाड बिचारं त्या रात्रीची वाट बघत उभं होतं आणि मी त्याला शेणखत घालत होतो.

इथून पुढं मी दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे बी. 'इम्पीरियल स्टार' नावाची जात कॅलिफोर्निया विद्यापीठात मुद्दाम तयार केलेली आहे. बियांपासून लावली तरी पहिल्याच हंगामात कळी देणारी, थंडी कमी मागणारी. कमी मागते, अजिबात मागत नाही असं नव्हे. म्हणून दुसरी गोष्ट, थंडी उसनी आणायची. आणि घरात थंडी एकाच ठिकाणी मिळते.

25 जुलै 2023 ला चोवीस बिया मोजून घेतल्या. करडईच्या बीपेक्षा मोठ्या, तपकिरी, अंगावर काळसर शिंतोडे. त्यातल्या सोळा रात्रभर भिजवल्या, ओलसर भुश्यात घालून एका डब्यात भरल्या, झाकणाला दोन भोकं पाडली आणि डबा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवला. आत एक छोटा थर्मामीटर टाकला होता. पारा चार ते सहाच्या मध्ये राहायचा. बायकोनं डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'हे खायचं नाही'. श्रावणातल्या उपासांच्या भाज्या, रताळी, अळूच्या जुड्या या सगळ्यांतून तिनं महिनाभर तो कप्पा मला सांभाळून दिला. दर आठवड्याला डबा उघडून भुसा कोरडा पडला नाही ना, बुरशी आली नाही ना, ते बघायचं. तिसऱ्या आठवड्यात काही बियांना पांढरं मोड आलं, तांदळाच्या कणीएवढं. अठ्ठावीस दिवस, म्हणजे सहाशे बहात्तर तास. आठ बिया मी मुद्दाम बाहेर ठेवल्या, फ्रिज न दाखवता. फरक कळायला हवा होता.

ऑगस्टच्या शेवटी सगळं बी ट्रेमध्ये पेरलं आणि ट्रे ओट्यावर पत्र्याखाली ठेवले. पाऊस अंगावर घ्यायचा नाही, पण उजेड भरपूर. बियांपासून लावलेलं आर्टिचोक एकसारखं निघत नाही, हे इथं दिसलं. एक रोप पूर्ण पांढरं उगवलं, हिरवेपणाच नाही, ते आठ दिवसांत गेलं. दोन रोपांची चौथी-पाचवी पानं अशी टोचरी निघाली की हात लावता येईना. रानटी पूर्वजाकडं गेलेली असतात ती. त्यांच्या कळ्या काटेरी आणि गर नसलेल्या होतात, म्हणून उपटली. जीव थोडा कळवळला, पण सहा झाडांचीच जागा होती. घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात सहा रोपं वाफ्यात लावली. चार फ्रिजमधून आलेली, दोन बाहेरची. दोन झाडांत तीन फूट. खरं तर चार हवेत. अंगण तेवढंच होतं.

आता मेहुण्याचं सांगतो. माझी सासुरवाडी निफाडकडची, द्राक्षबागायतदारांची. भाऊबीजेला मेहुणा आला, ओवाळून झाल्यावर नेहमीप्रमाणं अंगणात चक्कर मारायला निघाला. मी त्याला सगळी कथा सांगितली. थंडीचे तास, फ्रिज, सगळं. तो खाली बसून झाडाचा पोंगा निरखत होता. म्हणाला, "दाजी, मग जीए मारा की. आमच्या घडांना तेच तर मारतो."

जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. नाशिक भागात द्राक्ष लावणाऱ्या घरातल्या शाळकरी पोरालाही हा शब्द माहीत असतो. थॉम्पसन सीडलेसचा मणी लांबोडा आणि मोठा होतो तो याच्यामुळं. जपानमध्ये भाताला एक रोग पडायचा, रोपं उगीचच उंच वाढून पडायची. त्याला कारणीभूत बुरशी काहीतरी वाढीचा पदार्थ सोडते, हे कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानं 1926 मध्ये दाखवलं. तोच हा पदार्थ. झाडं स्वतःच्या अंगातही तो बनवतात आणि थंडी खाऊन झाल्यावर फुलण्याचा निरोप पोचवण्यात त्याचा हात असतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी, गरम भागात आर्टिचोकवाले शेतकरी हाच फवारा मारून थंडीची कसर भरून काढतात. हे मी वाचलं होतं, पण आणायचा कुठून हा प्रश्न होता. उत्तर घरात जेवून हात धूत होतं.

पुढच्याच आठवड्यात त्यानं येणाऱ्या माणसाबरोबर छोटी पुडी पाठवली. फोनवर नीट समजावलं. पावडर थेट पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायची, मग पाण्यात. मी प्रमाण धरलं लिटरला वीस मिलिग्रॅम. एवढं थोडं मोजण्यासाठी अख्खी एक ग्रॅमची पुडी आधी एक लिटरमध्ये करून घेतली आणि त्यातले वीस मिलिलिटर काढून पुन्हा लिटरभर पाण्यात घातले. इंजिनरूममध्ये बॉयलरच्या पाण्याची रसायनं मोजायची सवय इथं उपयोगाला आली. फवारा संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, नेमका पोंग्यात. दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीन वेळा. शेवटचा डिसेंबरच्या मध्याला, म्हणजे पहिली कळी कापेपर्यंत सहा आठवडे गेले होते.

सहा झाडांची मी तीन जोड्यांत वाटणी केली होती. एका जोडीला फ्रिज आणि जीए दोन्ही. एका जोडीला नुसता फ्रिज. बाहेरच्या जोडीला नुसता जीए. फवाऱ्यानंतर दहा दिवसांत फरक दिसला. ज्या चार झाडांना मारला त्यांची नवी पानं लांबट, फिकट, वर उभारलेली. उरलेली दोन तशीच पसरट, गर्द.

डिसेंबरात मावा आला. काळा, पानांच्या देठाच्या खोबणीत चिकटलेला, आणि मुंग्यांची ये-जा सुरू. आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतला, मग साबणाचं पाणी, मग निंबोळी तेल. तीन आठवडे रोज सकाळी अर्धा तास हेच काम. पानं एवढी मोठी आणि लवदार असतात की खालची बाजू बोटांनी उलटून बघावीच लागते. एका झाडाच्या मुळाशी घुशीनं बीळ पाडलं. ते दगड ठोकून बुजवलं. पाण्याच्या बाबतीत आईचं ऐकलं आणि नाहीही. बुंध्याशी ओल राहू दिली नाही, पण करडईसारखं दवावर सोडलं नाही. आर्टिचोकला कळी भरताना पाणी लागतं, कमी पडलं तर गाभा दोरीसारखा होतो. सकाळी एकदा, खोलवर, वाफ्याच्या कडेनं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. सकाळी सहाला पाणी घालायला गेलो. दोन्ही मिळालेल्या जोडीतल्या एका झाडाच्या मधोमध पानं लहान आणि गोळा झालेली वाटली. टॉर्च मारला. आत सुपारीएवढी एक गोष्ट होती. फिकट हिरवी, बारीक खवले एकमेकांवर घट्ट दाबलेले, खवल्यांच्या टोकांना जांभळट छटा, आणि सगळ्यावर कोळिष्टकासारखी पांढरी लव. दव त्या लवेवर थांबलं होतं, आत शिरलं नव्हतं. बाळाची मूठ असते ना घट्ट वळलेली, तशी. मी आईला हाताला धरून बाहेर आणलं. तिला टॉर्चच्या उजेडात नीट दिसेना म्हणून तिनं बोट आत घातलं आणि चाचपून बघितलं. "आली रं," एवढंच म्हणाली.

पहिली कळी जानेवारीच्या शेवटी कापली. मोसंबीएवढी झाली होती. केव्हा कापायची हे मला लिव्होर्नोच्या त्या बाईच्या ढिगावरून आठवत होतं. खवले घट्ट मिटलेले असताना, दाबल्यावर करकर आवाज यायला हवा. देठ चार बोटं ठेवून कापायचा, कारण देठाचा गाभाही तितकाच गोड. मधली कळी काढली की बगलेतून आणखी फुटतात, त्या लहान, लिंबाएवढ्या.

निवडायला मी आणि बायको दोघं बसलो. तिनं सवयीनं हातांना तेल लावलं आणि ताकाचं पाणी करून ठेवलं, केळफुलाला करतो तसं. मी लिंबू म्हणत होतो, पण ताकानंही काम चोख झालं, फोडी पांढऱ्या राहिल्या. बाहेरचे खवले हातानं मागं मोडले की खटकन तुटतात. शेंडा वरून बोटभर छाटला. लिंबू, मीठ घालून कुकरला दोन शिट्या. ताटात घेतल्यावर एक एक खवला ओढायचा, त्याचं बूड लसणाच्या फोडणीच्या तुपात बुडवायचं आणि दातांत धरून गर ओढून घ्यायचा, चोथा टाकून द्यायचा. घरात कुणाला शिकवावं लागलं नाही. शेवग्याची शेंग खाणाऱ्याला यात नवं काही नाही. आईला दात नाहीत. तिला मी चमच्यानं गर खरवडून वाटीत दिला, आणि तळाचा गाभा तंतू काढून, बारीक चिरून, सगळा तिलाच.

खाऊन तिनं पाणी प्यायलं आणि थांबली. पुन्हा एक घोट घेतला. "पानी ग्वाड लागतंय रं. आवळा खाल्ल्यागत." आर्टिचोकमध्ये सायनारिन नावाचा घटक असतो. त्यामुळं जिभेला नंतरचं पाणी गोड लागतं, हे मला माहीत होतं. पण तिला मी काही बोललो नव्हतो. तिनं स्वतःच ते जिभेवर ओळखलं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

दुसऱ्या वेळी तिनं स्वतः सांगून करून घेतली. करडईच्या कोवळ्या पानांची करायची तशी, लसूण-मिरचीवर गाभे परतून, वरून हरभऱ्याचं पीठ पेरून, ज्वारीच्या भाकरीबरोबर. मला ती तुपातल्यापेक्षा जास्त आवडली.

हिशेब सांगायचा तर असा. फ्रिज आणि जीए दोन्ही मिळालेल्या झाडांना चार आणि तीन कळ्या. नुसता जीए मिळालेल्यांना दोन आणि एक, त्याही पंधरा दिवस उशिरा. नुसत्या फ्रिजवाल्या जोडीत एका झाडानं मार्चच्या मध्यावर एकच कळी वर काढली आणि दुसऱ्यानं काहीच नाही. एकूण अकरा. इटलीतल्या शेतकऱ्याचं एक झाडही बहुधा एवढ्या देतं. आमच्या अंगणात माझ्यासाठी त्या अकरा पुष्कळ होत्या. फेब्रुवारी संपता संपता ऊन तापलं की खवले आपोआप उघडायला लागतात आणि टणक होतात, त्यामुळं आमच्याकडं खाण्याजोगे दिवस जेमतेम पाच आठवडे. ज्याला लावायचं असेल त्यानं ऑगस्टच्या शेवटी पेरणी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावणी चुकवू नये. तिथं उशीर झाला तर कळी उन्हात सापडते.

मार्चमधली ती उशिराची कळी मी कापली नाही. नाहीतरी टणक झाली होती. ती उमलली. मुठीएवढं फूल, निळा-जांभळा असा रंग की फोटोत कधीच खरा उतरला नाही. हजारो तंतू उभे, आणि त्यात डोंगरावरून आलेल्या मधमाश्या पार बुडून गेलेल्या. एक काळा भुंगा तर तासभर तिथंच लोळत होता. चौकातली सगळी पोरं रांगेनं येऊन बघून गेली. पोर्तुगालमध्ये याच्या रानटी भावंडाच्या फुलांचे तंतू भिजवून मेंढीच्या दुधाचं चीज विरजतात. ते मला करून बघायचं होतं, पण मधमाश्यांना उठवून तंतू तोडवले नाहीत.

एप्रिलमध्ये झाडं जमिनीलगत छाटली. बुंध्याच्या बाजूनं पिल्लं फुटतात, केळीला फुटतात तशी. चार पिल्लं मुळांसकट धारदार पहारीनं वेगळी केली, अर्ध्या कापलेल्या पिंपात वाळू-शेणखतात लावली आणि मे महिना सावलीत, पावसाळा पत्र्याखाली काढला. पाणी जेमतेम, आठवड्यातून एकदा. दोन गेली, दोन राहिली. आई त्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये गेली. पिंपं तिच्या खुर्चीशेजारीच ठेवलेली होती.

दोनपैकी एक पिल्लू इथं वाफ्यात लावलं. दुसरं ऑक्टोबरात मेहुणा निफाडला घेऊन गेला, द्राक्षबागेच्या बांधावर लावतो म्हणाला. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. तिथं पारा सहा-सातवर उतरला की बागायतदाराची झोप उडते. भरत आलेल्या मण्यांना तडे जातात. मग रात्री बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करतात, हवा थोडी उबदार राहावी म्हणून.

डिसेंबरात पहाटे साडेतीनला त्याचा फोन आला. मागं पोरांचे आवाज, लाकडं फुटल्याचे आवाज. मी दचकलोच.

"दाजी, झोपला होता का? पारा सहावर आलाय. सगळ्या ओळींत शेकोट्या पेटवल्यात. तुमच्या झाडाकडच्या बांधाला पण एक पेटवू का?"

"नको," मी म्हटलं. "त्याला राहू दे तसंच."